स्केलिंग की डीप क्लीनिंग? आधी खिसा मोजून घ्या

पुण्यात एका दवाखान्यात अर्ध्या तासात दात साफ होतात, दुसरीकडे त्याच तोंडासाठी भूल आणि दोन-चार खेपा सांगतात. दोन्हीला 'क्लीनिंग'च म्हणतात, म्हणून दुसरा डॉक्टर लुटतोय असं वाटतं. पण ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपल्याला कोणतं लागेल हे हिरडीच्या खिशाची खोली ठरवते.

दात आणि हिरडी यांच्यात फट असतेच, तिलाच खिसा म्हणतात. निरोगी तोंडात ती १ ते ३ मिमी खोल असते. खुणा असलेली बारीक सळई, म्हणजे प्रोब, प्रत्येक दाताभोवती ६ ठिकाणी घालून ती मोजतात. हिरडीतून रक्त येतंय पण एक्स-रेमध्ये दाताभोवतीचं हाड शाबूत आहे, तर ती नुसती सूज आहे. तिथे स्केलिंग पुरतं. सुजलेली हिरडी वर चढल्यानेही ४ मिमी आकडा येऊ शकतो, त्यामुळे एकट्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. खिसा ४ मिमी किंवा जास्त आणि हाडही झिजलेलं असेल, तर तो पायोरिया. त्याला डीप क्लीनिंग लागतं.

स्केलिंगमध्ये यंत्राचं पाण्याच्या फवाऱ्यासह थरथरणारं टोक हिरडीच्या कडेपर्यंतचं कीटण उडवतं. भूल सहसा लागत नाही. डीप क्लीनिंगमध्ये एका बाजूची हिरडी बधिर करून खिशाच्या तळापर्यंत जातात आणि मुळावर चिकटलेलं काळपट, टणक कीटण क्युरेट नावाच्या हत्याराने खरवडतात. हिरडी कापत नाहीत, टाके घालत नाहीत. मूळ काचेसारखं गुळगुळीत होईपर्यंत घासण्याची जुनी पद्धत आता टाळतात, कारण मुळाचा थर उगाच जातो आणि दात शिवशिवतात.

सगळ्यात महाग पडते ती चूक म्हणजे ६ मिमीच्या खिशावर वरवरचं स्केलिंग करून थांबणं. वरची हिरडी आवळते, ब्रशला रक्त लागेनासं होतं, बरं वाटतं. आत कीटण तसंच असतं, हाड झिजत राहतं. कधी तोंड बंद झालेल्या खिशात पू साचून गळू होतं.

'क्लीनिंग केलं की दात हलतात, फटी पडतात' हे घरोघरी ऐकू येतं. हाड गेलेलं आधीच असतं; कीटणाने दात एकमेकांना बांधून ठेवलेले असतात आणि सूज फट झाकते. दोन्ही गेल्यावर खरी स्थिती उघडी पडते. गार पाण्याने काही आठवडे शिवशिवणं अपेक्षित आहे.

डीप क्लीनिंगनंतर ६ आठवडे ते ३ महिन्यांनी खिसे पुन्हा मोजलेच पाहिजेत. ही खेप अनेकजण टाळतात, आणि तिथेच उपचार वाया जातो. खिसा साधारण १ ते २ मिमी उथळ होतो. झिजलेलं हाड मात्र बहुधा परत येत नाही. ६ मिमी खिसा आणि रक्त उरलं, विशेषतः दाढेच्या दोन मुळांच्या बेचक्यात, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. नाहीतर दर ३ महिन्यांनी देखभालीची सफाई पुरते.

मशेरी किंवा सिगारेट चालू असेल तर निकाल कमीच मिळतो. सिगारेटमुळे रक्तही कमी येतं, म्हणून आजार लपतो. साखर ताब्यात नसेल तर हिरडी नीट भरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधी सांगाव्यात, स्वतःहून बंद करू नयेत.

घरी दातांच्या फटीत बसेल तेवढ्या जाडीचा इंटरडेंटल ब्रश रोज फिरवावा. साधा ब्रश तिथे पोचत नाही. डॉक्टरांनी ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन, म्हणजे जंतुनाशक माउथवॉश, दिलं असेल तर १० मिली तोंडात मिनिटभर खुळखुळवून थुंकावं, दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडेच. पेस्टनंतर अर्धा तास थांबून वापरावं, नाहीतर पेस्टमधला फेसाचा घटक त्याचा असर मारतो. लगेच चहा प्यायल्यास डाग जास्त पडतात.

खर्चाची अडचण असेल तर धनकवडीतल्या भारती विद्यापीठाच्या किंवा कॅम्पातल्या रंगूनवाला दंत महाविद्यालयात हिरड्यांचा वेगळा विभाग आहे. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त धरून जावं. कुठेही गेलात तरी खिशांच्या आकड्यांचा तक्ता मागून घ्या; पुढच्या मोजणीला तोच शेजारी ठेवायचा असतो.