मोराचं नाव, कोळ्याचं सोंग

पेनसिल्व्हेनियातले डॉक्टर ब्रॅकेनरिज क्लेमेन्स यांनी १८६० साली ‘ब्रेन्थिया’ ही पतंगांची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) मांडली. पतंग सेंटीमीटरभराचा, रंग काळपट-तपकिरी, पंखांच्या कडेला डोळ्यांसारखे काळे ठिपके आणि त्यांत निळी-चंदेरी चकाकी. या धातूसारख्या चकाकीमुळेच कोर्युटिडी कुळाला इंग्रजीत ‘मेटलमार्क’ म्हणतात. क्लेमेन्स यांनी एका जातीला ‘पॅव्होनासेला’ नाव दिलं. लॅटिनमध्ये पॅव्हो म्हणजे मोर.

कुळाचा घोळ मात्र बराच काळ चालला. एडवर्ड मेरिक या इंग्रज शिक्षकाने १९०५पासून भारतातल्या सूक्ष्मपतंगांची वर्णनं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली. त्यांच्या मांडणीत हे पतंग ग्लिफिप्टेरिजिडी कुळातच होते. १९७०च्या दशकाअखेरीस जॉन हेपनर यांनी ही दोन कुळं वेगळी काढली. त्यातली एक मोठी खूण सोंडेवर आहे: कोर्युटिडींच्या सोंडेच्या बुडाशी खवले असतात, ग्लिफिप्टेरिजिडींची सोंड उघडी. भिंगाशिवाय हे दिसायचं नाही.

ब्रेन्थिया ओळखायला मात्र भिंगाआधी त्याची बसण्याची तऱ्हा पाहावी. दिवसाउजेडी पानावर बसतो, पुढचे पंख उचलून तिरके पिरगळतो, मागचे बाजूला पसरतो आणि झटके देत चालतो. पेटीत पंख सपाट ताणून टाचलेल्या नमुन्यात यातलं काहीच उरत नाही.

आणि हीच ऐट त्याचा जीव वाचवते. जाड्रांका रोटा आणि डेव्हिड वॅग्नर यांनी कोस्टा रिकात उड्या मारणाऱ्या कोळ्यांसमोर हे पतंग ठेवले. कोळ्यांनी पकडले फक्त ६ टक्के. तेवढ्याच आकाराचे इतर पतंग ६२ टक्के पकडले गेले. कित्येक कोळी तर ब्रेन्थियासमोर पुढचे पाय हलवू लागले, जणू समोर दुसरा कोळीच हद्दीत घुसलाय! निबंध २००६ साली आला. नावातला मोर त्यानंतर मला जरा उपराच वाटतो.

अळीही काही कमी नाही. पानावर रेशमी जाळं विणून त्याच्या आडोशाला हिरवा भाग खाते आणि पानाला एक भोक पाडून ठेवते. धक्का लागला की त्या भोकातून क्षणात पानाच्या पलीकडे. पानावर जाळं आणि शेजारी असं भोक दिसलं, तर ब्रेन्थियाची शंका घ्यायला हरकत नाही. नेमकी जात सांगायची तर मात्र बहुतेकदा जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. फोटोवरून जातीचं नाव ठोकून देऊ नये.