ब्रेड व पिठाची मानके : ब्रिटनमधील फेरआढावा

ब्रिटनमध्ये गव्हाच्या पिठात कोणती पोषकद्रव्ये मिसळलीच पाहिजेत आणि कोणत्या ब्रेडला कोणते नाव देता येते, हे 1998 च्या ब्रेड व पीठ नियमावलीने ठरते. या मानकांचा सरकारने वेळोवेळी फेरआढावा घेतला असून वादाचा मुख्य मुद्दा बहुधा सक्तीच्या मिसळणीचाच राहिला आहे.

मिसळणीचा उगम दुसऱ्या महायुद्धातला. दुधाच्या टंचाईत मुलांना मुडदूस होऊ नये म्हणून पिठात खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, घालू लागले. पुढे युद्धकाळात निर्बंध आलेले पांढरे पीठ पुन्हा खुले झाले, तेव्हा कोंडा व अंकुर काढताना निघून जाणारे लोह आणि थायमिन व नायसिन ही ब-गटातील जीवनसत्त्वे भरून देणे गिरण्यांवर बंधनकारक झाले. 1998 च्या नियमांनी दर 100 ग्रॅम पिठात कॅल्शियम कार्बोनेट 235 ते 390 मिग्रॅ. आणि लोह किमान 1.65 मिग्रॅ. ठरवले, कोंड्यासकट दळलेल्या पिठाला यातून सूट मिळाली.

ही सक्ती आता अनावश्यक आहे, असा अभिप्राय सरकारच्याच वैद्यकीय सल्लागार समितीने 1981 मध्ये दिला होता. नियम कमी करण्याच्या मोहिमेत 2013 मध्ये ती उठवण्याचा विचार झाला आणि लोकांची मतेही मागवली गेली. दोन्ही वेळा सक्ती टिकली.

फॉलिक आम्लाची कथा याच्या नेमकी उलट आहे. गर्भाच्या मज्जारज्जूतील जन्मजात व्यंगे या जीवनसत्त्वाने मोठ्या प्रमाणात टळतात, हे ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने 1991 मध्येच दाखवले. अमेरिकेत 1998 पासून त्याची मिसळण सक्तीची झाली. ब्रिटनने मात्र स्वतःच्या देशातून निघालेला पुरावा हाती असूनही 2021 पर्यंत निर्णय घेतला नाही, आणि या दिरंगाईचे समर्थन करणे कठीण आहे. ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेची लक्षणे फॉलिक आम्लामुळे झाकली जातील, ही शंका त्या काळात पुन्हापुन्हा पुढे येत राहिली. अखेर 2024 च्या दुरुस्तीने दर 100 ग्रॅम पिठात 250 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल ठरवले आणि लोहाची किमान मात्रा 2.10 मिग्रॅ.पर्यंत वाढवली. इंग्लंडमध्ये अंमलासाठी 13 डिसेंबर 2026 ही तारीख ठरली. यामुळे दरवर्षी सुमारे 200 गर्भांमधील व्यंगे टळतील, असा सरकारी अंदाज आहे. वर्षाला 500 टनांपेक्षा कमी पीठ काढणाऱ्या लहान गिरण्या मात्र वगळल्या आहेत. मूळ चाचणीचे प्रमुख निकोलस वॉल्ड यांच्या मते ठरवलेली मात्रा अपुरी आहे.

कोंड्यासकट पिठाची सूट या दुरुस्तीनंतरही कायम आहे. तिचा परिणाम तेथील भारतीय स्वयंपाकघरातही जाणवेल : कोंडा काही अंशी काढलेल्या 'चपाती फ्लोअर'मध्ये फॉलिक आम्ल मिसळले जाईल, पण अख्ख्या गव्हाच्या आट्याची पोळी खाणाऱ्या गर्भवतीला ते पोळीतून मिळणार नाही.