उतारा (व्यापार-उद्योग), खानदेशातील

उतारा : कच्च्या मालावर प्रक्रिया केल्यावर हाती येणाऱ्या मुख्य मालाचे शेकडा प्रमाण. शंभर किलो कापसातून ३४ किलो रुई निघाली, तर उतारा ३४ पडला असे म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना), तेलगिरणी, डाळमिल, साखर कारखाना अशा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या धंद्यांत हीच संज्ञा चालते. मालाला मोल कोठे चढते, ते कशाने मोजायचे आणि भावात कसे बोलून दाखवायचे, हे येथील कारखानदार उताऱ्यावरून ठरवतो. हंगामात जिनिंगमध्ये अहिराणीत ‘कितला उतारा पडना?’ असे आधी विचारले जाते. नफ्याची गोष्ट त्यानंतर निघते.

जमिनीचा सात-बारा उतारा, विषावरचा उतारा, दृष्टीचा उतारा आणि पुस्तकातला उतारा हे अर्थ येथे अभिप्रेत नाहीत. सर्वांच्या मुळाशी ‘उतरणे’ हे क्रियापद आहे. व्यापारी अर्थ मात्र त्यातून कसा निघाला, याची उपपत्ती दोन प्रकारे लावता येते. एक म्हणजे ‘वजनात उतरणे’ : तराजूत जे भरले ते उतरले. दुसरी गुऱ्हाळाशी जोडता येते. तेथे रस आटल्यावर काहील चुलाणावरून उतरवतात आणि तिच्यातून जेवढा गूळ मिळतो तो त्या काहिलीचा उतारा. दुसरी उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते, कारण उताऱ्यात नुसते वजन नसते. आधी किती घातले आणि नंतर किती निघाले, यांतला संबंध असतो, आणि तो काहिलीच्या कल्पनेत आपोआप येतो.

कापूस व रुई : खानदेशात ‘कापूस’ म्हणजे सरकीसकट वेचलेला माल आणि ‘रुई’ म्हणजे सरकी काढलेला. रोलर जिनमध्ये कातडी रोलर तंतू ओढून घेतो आणि सुरीपाशी सरकी अडून खाली पडते. साधारण चांगल्या मालात शंभर किलोमागे ३३ ते ३५ किलो रुई, ६३ ते ६५ किलो सरकी आणि उरलेली घट (कचरा, पाला, उडालेली ओल) असा हिशोब बसतो. एका टक्क्याचा फरक बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटतो. जिनिंगचा धंदा मात्र त्यावरच तरतो किंवा बुडतो. रुईचा भाव खंडीवर निघतो आणि खंडी ३५६ किलोंची धरतात. उतारा ३४ असेल तर एका खंडीला सुमारे १,०४७ किलो कापूस लागतो. उतारा ३३ वर आला की १,०७९ किलो. वाढलेले हे ३२ किलो वाया जात नाहीत, पण घट कायम धरली तर ते जवळजवळ सगळे सरकीच्या ढिगात जातात. म्हणजे कापसाच्या भावाने घेतलेला माल सरकीच्या भावाने विकावा लागतो. उदाहरणादाखल कापूस किलोला ७० रुपये आणि सरकी ३५ रुपये धरली, तर खंडीमागे सुमारे १,१२० रुपये गेले. याच कारणाने अनुभवी जिनिंगवाला सरकी आणि तिच्या ढेपेचा बाजार रुईइतकाच बारकाईने पाहतो. सरकी तेजीत असेल तर कमी उताऱ्याचा घाव हलका होतो.

उतारा यंत्रातून निघण्यापूर्वी फाटकावर अंदाजाने काढावा लागतो, आणि खरे कसब तेथे लागते. ट्रॉली उभी राहिली की खरेदीदार कोपरापर्यंत हात खुपसून आतल्या थरातला कापूस बाहेर काढतो, कारण वरचा थर उन्हावाऱ्याने सुकलेला असतो. मूठ आवळून सोडतो. कोरडा कापूस लगेच फुलून येतो, ओला दबून राहतो. मग एक सरकी दाताखाली धरतो. वाळलेली सरकी कट्‌कन फुटते, ओली नुसती चेपते. शेवटी एका सरकीवरचे तंतू दोन्ही अंगांना बोटाने विंचरून त्यांची लांबी नजरेने घेतो. हे सगळे दोन मिनिटांत आटोपते आणि भाव ठरतो. भारतीय कपास निगमाच्या (स्थापना १९७०) हमीभाव खरेदीत दाताची जागा ओलावामापकाने घेतली : ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात आणि त्याहून ओला माल नाकारायचा. तरी खाजगी जिनिंगच्या फाटकावर दोन्ही रीती शेजारी शेजारी चालतात.

खंडी व गाठ : उताऱ्याचा आकडा रुपयांत उतरतो तो खंडीतून, म्हणून या मापाचा विचार येथे करावा लागतो. खंडी शब्दाचे मूळ वादग्रस्त आहे. काही कोशकार ते संस्कृत ‘खण्ड्’ (तोडणे, भाग करणे) या धातूकडे नेतात. तमिळ-मल्याळममध्ये ‘कंडी’ असे रूप आहे आणि माप किनारपट्टीच्या व्यापारातून दोन्हीकडे पसरले असण्याचा संभव आहे. मराठी मुलखात खंडी म्हणजे २० मण, हे सर्वमान्य; पण मणच गावोगाव आणि मालोमाल बदलत असल्याने खंडीही बदलत असे. मुंबईच्या बाजारात मण २८ पौंडांचा होता, म्हणजे इंग्रजी हंड्रेडवेटचा (११२ पौंड) नेमका चौथा हिस्सा. त्या हिशोबाने २० मणांची खंडी ५६० पौंडांची व्हायला हवी. कापसाची खंडी मात्र ७८४ पौंडांची, म्हणजे २८ मणांची ठरली. मणाचे पौंड २८ आणि खंडीचे मणही २८, हा योगायोग आहे की मुद्दाम केलेली सोय, यावर एकमत नाही. ७८४ पौंड म्हणजे बरोबर सात हंड्रेडवेट होतात. जहाजावर भरणाऱ्या व्यापाऱ्याला हे सोयीचे असल्याने निर्यातीच्या गरजेतून हे माप स्थिरावले, हे मत स्वीकारण्याजोगे वाटते. जुनी भारतीय गाठ (प्रेसमध्ये दाबून बांधलेली रुई) ३९२ पौंडांची, म्हणजे नेमकी अर्धी खंडी असे. दोन गाठी म्हणजे एक खंडी हा हिशोब तोंडी होत असे. दशमान पद्धतीत गाठ १७० किलोंची झाली, खंडी मात्र ३५५.६२ किलोंवरच राहिली. आता एका खंडीत २.०९ गाठी येतात. शेतकरी क्विंटलने विकतो, जिनिंगवाला खंडीने भाव करतो आणि गाठींनी माल पाठवतो. तीन मापांमधली ही वाट ज्याला तोंडपाठ आहे तो बाजारात एक पाऊल पुढे असतो, आणि ती शेतकऱ्याच्या मुलांना शाळेत शिकवली जात नाही, याची खंत या नोंदीच्या लेखकाला आहे.

तंतूची लांबी की उतारा : खानदेशातील मूल्यमापनाचा सर्वांत जुना आणि सर्वांत बोधक वाद हाच. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव भडकले. त्याच दशकात रेल्वे खानदेशात पोचली. भाव चढले तशी भेसळही चढली. सरकीचा चुरा, माती आणि पाणी मिसळून वजन वाढवण्याला आळा घालण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ मध्ये कायदा केला. सरकारी धोरण लांब तंतूचे होते, कारण बारीक सुताला तोच लागतो. शेतकऱ्याने मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘रोझियम’ या पांढऱ्या फुलाच्या देशी जातीला जवळ केले. तिचा तंतू आखूड आणि जाडाभरडा, पण उतारा चाळिशीच्या आसपास. वऱ्हाड आणि खानदेशात ती झपाट्याने पसरली.

कृषिखात्याच्या जुन्या लिखाणात शेतकऱ्याच्या या निवडीकडे अडाणीपणा म्हणून पाहण्याचा कल दिसतो. दुसरे मत असे की, आखूड तंतूच्या रुईला जपानी गिरण्यांची भक्कम मागणी होती आणि शंभर किलोंमागे पाच-सहा किलो जास्त रुई मिळत असताना लांबीसाठी मिळणारा थोडा जादा भाव ती भर काढू शकत नव्हता. दुसरे मत हिशोबाला अधिक धरून आहे. शेतकरी जे मोजले जात होते त्याचेच पीक घेत होता. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मध्यवर्ती कापूस समितीच्या काळात लांबी आणि उतारा दोन्ही सांभाळणाऱ्या जातींवर भर दिला गेला. जळगाव परिसराशी निगडित जरीला, विरनार आणि पुढे वाय-१ ही नावे त्या परंपरेतली. जरीला तर मुंबईच्या वायदे करारात आधारभूत प्रत म्हणून वापरली गेली, म्हणजे देशभराच्या कापसाचा भाव काही काळ खानदेशी नावाच्या मापाने बोलला गेला. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखाना कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसचे चिन्ह आणि अनुक्रमांक घालणे बंधनकारक झाले. तेव्हापासून चांगल्या प्रेसचे चिन्ह हीच तिची पत झाली. गिरणीवाला गाठ फोडण्याआधी चिन्ह वाचतो.

तेल व अमळनेर : मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेर येथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्‌स ही कंपनी स्थापन केली. भुईमुगाच्या पट्ट्यात कारखाना आणि तेलापासून वनस्पती तूप, असा तिचा पाया होता. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि तेलाच्या उपउत्पादनातून निघालेला ‘७८७’ धुण्याचा साबण ही तिची ओळख होती. उताऱ्यातून उरलेल्या मालालाही मोल आणण्याची ही चोख रीत. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी यांनी वयाच्या २१ व्या वर्षी कारभार हाती घेतला. तोवर शेंगांची पारख मुनीम हाताने आणि चवीने करीत आणि प्रेमजींनी तिथे तेल, ओल व वजन मोजून भाव देण्याची पद्धत आणली, असे सांगितले जाते. हाताच्या अंदाजाकडून मापाकडे जाण्याचा हा टप्पा खानदेशी उद्योगाच्या इतिहासात महत्त्वाचा ठरतो. ‘विप्रो’ हे नाव पुढचे आणि संगणक व्यवसायही पुढचा. अमळनेरचा कारखाना मात्र चालू राहिला.

याच गावात मोल व्यक्त होण्याची एक निराळी रीतही रुजली. कंपनीचे शंभर रुपये दर्शनी किमतीचे शेअर सुरुवातीला गावातल्या व आसपासच्या कुटुंबांनी घेतले होते. बक्षीस शेअर आणि विभागणी यांनी त्यांची संख्या वाढत गेली आणि ज्यांनी ते विकले नाहीत त्यांची घरे त्यावर उभी राहिली. तेलगिरणीचा उतारा हंगामात कळतो. शेअरचा उतारा कळायला तीन-चार दशके लागली. याच अमळनेरात श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर सुरू झाले आणि तेथे ‘मूल्य’ या शब्दाचा अगदी वेगळा विचार होत होता, याची नोंद येथे करणे अस्थानी होऊ नये.

डाळ, साखर : जळगावच्या डाळमिलांत तुरीचा उतारा सामान्यतः ७० ते ७५ असतो, उरते ती चुनी व भुसा, जे जनावरांच्या खाद्यात जाते. तुरीचे साल डाळीला घट्ट चिकटलेले असल्याने तेल-पाणी लावून वाळवण्यात जो हुशार, त्याचा उतारा वर. साखरेत उतारा कायद्यात शिरला आहे. उसाचा रास्त व किफायतशीर दर ठराविक उताऱ्यावर (अलीकडे १०.२५ टक्के) बांधलेला असतो आणि त्याहून वर गेले तर वाढीव पैसे मिळतात. तो उतारा साऱ्या कारखान्याचा सरासरी धरतात, एका शेताचा नव्हे.

घनांश : भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी १९६३ मध्ये जळगावात व्यापार सुरू केला. १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेऊन त्यांनी तेथे पपईच्या चिकापासून पपेन हे विकर (एन्झाइम) काढण्यास आरंभ केला. कच्च्या फळाला चिरा दिल्यावर जो चीक गळतो, त्यातून शुद्ध विकर वेगळे करण्याची ही प्रक्रिया. हाती येणारे वजन फारच थोडे आणि त्याचा भाव फार मोठा. पुढे पीव्हीसी नळ्या, ठिबक आणि फळे-कांदा प्रक्रिया असा विस्तार झाला. निर्जलित कांद्यात उतारा अत्यंत कमी असतो : एक किलो वाळलेल्या मालाला आठ ते दहा किलो ओला कांदा लागतो. त्यामुळे कांद्यातले पाणी कमी आणि घनांश जास्त असणे हेच मोल, आणि त्यासाठी पांढऱ्या कांद्याच्या निवडक जातींची करार शेती उभी राहिली. बाजारात कांदा आकार आणि रंगावर विकला जातो. या कारखान्याच्या फाटकावर तो आतल्या घनांशावर तोलला जातो.

सराफी : जळगावच्या सराफ बाजारात ‘उतारा’ ऐवजी ‘टंच’ चालतो. जुना दागिना आटवल्यावर त्यात शंभरात किती शुद्ध सोने निघाले, तो टंच. २२ कॅरटला ९१.६. हॉलमार्कचा सहा अंकी-अक्षरी क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी सक्तीचा झाल्याने कसोटीच्या दगडाचे काम पुष्कळसे कमी झाले. घडणावळ मात्र कोणत्याही यंत्रात मोजता येत नाही; दागिना मोडताना ती शून्य होते.

केळी : रावेर-यावल पट्ट्यातील केळीला रूढ अर्थाने उतारा नाही. भाव नवती, पिलबाग, कांदेबाग अशा बागेच्या प्रकारावर जाहीर होतो. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. निर्यातीच्या पेट्या भरताना मात्र घडातल्या किती फण्या डागाविना, एकसारख्या लांबीच्या निघतात, हे पाहिले जाते, आणि बाकीच्या स्थानिक बाजारात जातात. उताऱ्याची कल्पना येथे नकळत शिरली आहे.

शेतकऱ्याचा हिस्सा : कापसात आजही बहुतेक व्यवहार क्विंटलमागे एकाच दराने होतो. ज्याच्या शेतातल्या मालाचा उतारा ३६ पडेल आणि ज्याचा ३२, त्या दोघांना त्याच दिवशी, त्याच फाटकावर जवळजवळ सारखाच भाव मिळू शकतो. चार टक्क्यांची रुई जिनिंगच्या हिशोबात जाते. महाराष्ट्रात १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदीत (म्हणजे कापूस फक्त सरकारी यंत्रणेने घेण्याच्या योजनेत) प्रतवारीने भाव देण्याची तरतूद होती, पण प्रत ठरे ती डोळ्याने. लहान प्रयोगशाळा-जिनवर मूठभर नमुना टाकून काही मिनिटांत उतारा काढता येतो. असे जिन कापूस संशोधन केंद्रांत असतात. बाजार समितीच्या काट्याजवळ असले, तर पावतीवर वजनाशेजारी दुसरा आकडा लिहिता येईल.