पार्श्वभूमी : देशाचे वार्षिक तापमान आणि सरकणारी सरासरी

२०२४ हे वर्ष १९०१ पासूनच्या नोंदींत देशातले सर्वांत उष्ण ठरले. जमिनीलगतच्या हवेचे वार्षिक तापमान सरासरीपेक्षा ०.६५ अंशाने जास्त होते. गंमत अशी की २०२३ साठीही ०.६५ हाच आकडा जाहीर झाला होता आणि तरी ते वर्ष दुसऱ्या क्रमांकावर राहिले. तेव्हा पहिला क्रमांक २०१६ चा होता, ०.७१ अंशाचा. मग वर्षभरात ०.६५ ने ०.७१ ला मागे कसे टाकले? टाकले नाही. मधल्या काळात ज्या सरासरीशी तुलना करायची ती सरासरीच बदलली. मराठवाड्यातल्या उष्णतेच्या आकड्यांचा बराचसा घोळ याच बदलातून आलेला आहे.

देशातील हवामान नोंदींची सरकारी व्यवस्था १८७५ ची आहे, पण देशभराची सरासरी काढण्याइतकी केंद्रे १९०१ पासून धरली जातात. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. या भागाच्या जुन्या नोंदी मोजक्याच ठिकाणच्या आहेत, त्यामुळे शंभर वर्षांचा मराठवाड्याचा आलेख म्हणून जो दाखवला जातो, त्याचा सुरुवातीचा भाग शेजारच्या केंद्रांवरून भरून काढलेला असतो.

मोजणीची रीत साधी आहे. चारी बाजूंनी झडपा असलेली पांढरी लाकडी पेटी, माणसाच्या छातीच्या उंचीवर, दार उत्तरेला, म्हणजे दार उघडले तरी ऊन उपकरणांवर पडत नाही. आत पाऱ्याचा कमाल तापमापक आणि अल्कोहोलचा किमान तापमापक. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच या ठरलेल्या वेळा. कमाल आणि किमान यांची बेरीज भागिले दोन, हे दिवसाचे तापमान. चुकाही ठरलेल्याच. पेटीचा रंग मळला की दुपारचा आकडा फुगतो. अल्कोहोलच्या स्तंभात बुडबुडा शिरून तो तुटला की किमान तापमान खरे असते त्यापेक्षा कमी दिसते. केंद्राभोवती वस्ती वाढली की रात्री आधी उबदार होतात. म्हणून दीर्घ मालिका वापरण्यापूर्वी केंद्र कधी हलले, उपकरण कधी बदलले हे तपासून दुरुस्ती करावी लागते.

देशाच्या तापमानाची बातमी थेट अंशांत न देता फरकात का देतात, तेही यातच आहे. छत्रपती संभाजीनगर हे नांदेडपेक्षा दोनशे मीटरहून अधिक उंचावर आहे. एवढ्या उंचीने सरासरी तापमानात सव्वा-दीड अंशाचा फरक पडू शकतो. एखाद्या वर्षी नांदेडच्या नोंदी नसल्या, तर साधी सरासरी लगेच घसरेल आणि हवा थंड झाल्यासारखे वाटेल. प्रत्येक केंद्राचा स्वतःच्याच नेहमीच्या तापमानाशी असलेला फरक घेतला, की हा धोका बराच कमी होतो. पण मग ‘नेहमीचे’ कोणत्या वर्षांवरून ठरवायचे, हा प्रश्न उभा राहतो.

त्यासाठी तीस वर्षांचा काळ घेण्याची जागतिक पद्धत आहे. एखाद-दुसऱ्या दुष्काळाचा किंवा अतिवृष्टीचा परिणाम तेवढ्या काळात विरून जातो. आधी हे तीस वर्षांचे तुकडे एकापुढे एक होते: १९०१ ते १९३०, १९३१ ते १९६०, १९६१ ते १९९०. पुढचा तुकडा २०२० संपेपर्यंत पुरा होणार नव्हता आणि तापमान तर झपाट्याने वाढत होते. शेवटी २०१५ मध्ये जागतिक पातळीवर दुहेरी निर्णय झाला. रोजच्या कामासाठी सरासरी दर दहा वर्षांनी पुढे सरकवायची, पण दीर्घकालीन बदल मोजण्यासाठी १९६१ ते १९९० हा काळ कायम ठेवायचा.

या निर्णयाचा पहिला भाग सगळीकडे रुजला, दुसरा मागे पडला. आपल्याकडच्या वार्षिक निवेदनांतही ठळक आकडा सरकत्या सरासरीवरचाच असतो. २०१६ चेच पाहा. त्या वर्षाचा फरक पहिल्यांदा ०.९१ अंश सांगितला गेला, १९६१-९० च्या तुलनेत. १९८१-२०१० ची सरासरी आल्यावर तेच वर्ष ०.७१ वर आले. १९९१-२०२० आल्यावर ०.५४. वर्ष तेच, ऊन तेच, आकडा मात्र ०.३७ ने उतरला. ०.३७ अंश तापमानवाढ तुलनेच्या पायातच मुरली.

याच आकड्यांवरून जुनी-नवी निवेदने एका पातळीवर आणता येतात. १९८१-२०१० वरचा आकडा १९९१-२०२० वर न्यायचा असेल तर साधारण ०.१७ वजा करा. म्हणजे २०२३ चे ०.६५ होते ०.४८ आणि २०२४ त्याच्या बरेच पुढे दिसते. उलट २०२४ चे ०.६५ जुन्या १९६१-९० वर न्यायचे तर ०.३७ मिळवा, एक अंशाच्या किंचित वर जाते. केंद्रांची संख्या आणि नकाशावर आकडे पसरवण्याची पद्धत बदलल्याने दुसऱ्या दशांश स्थळात थोडे इकडेतिकडे होईल, पण क्रम बदलणार नाही.

सरकत्या सरासरीच्या बाजूने सबळ कारणे आहेत. यंदा विजेची मागणी किती येईल, हरभऱ्याला फेब्रुवारीत किती ताप बसेल, हे ठरवताना साठ वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याशी तुलना करून काही हाती लागत नाही. बंद पडलेली केंद्रे गळतात, नवी येतात. हे सगळे मान्य. पण वार्षिक निवेदन हा इतिहासाचा दस्तऐवज आहे आणि त्यात दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापायला एका ओळीचीही जागा लागत नाही. ती ओळ नसल्याने पुढच्या दशकातला आणखी उष्ण उन्हाळाही ‘सरासरीपेक्षा थोडा जास्त’ म्हणून नोंदला जाईल.

शतकाचा एकूण कल वेगळा सांगितला जातो: १९०१ ते २०२० मध्ये दर शंभर वर्षांना ०.६२ अंश वाढ. कमाल तापमानात ०.९९, किमान तापमानात ०.२४. ही सरळ रेषा आहे. प्रत्यक्षात बहुतेक वाढ १९७० नंतरची आहे. उत्तरेतील धूर-धुळीचे थर आणि सिंचनाचा ओलावा यांनी वाढ काही प्रमाणात दाबून धरली. मराठवाड्यातल्या कोरडवाहू काळ्या जमिनीला सिंचनाची ती सावली नाही. माती सुकली की बाष्पीभवनात खर्च होणारी उष्णता थेट हवा तापवते. २०१२, २०१४, २०१५, २०१८ ही अपुऱ्या पावसाची वर्षे, लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले तो २०१६ चा उन्हाळा, हे सारे १९९१-२०२० मध्ये बसते. म्हणजे आजच्या ‘सामान्य’ तापमानात दुष्काळही मिसळलेला आहे.

याचा व्यवहारातला परिणाम उष्णतेच्या लाटेच्या निकषात दिसतो. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश हवे आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंश जास्त हवे; त्यापुढे तीव्र लाट. किंवा थेट ४५ गाठले तर लाट, ४७ ला तीव्र. शिवाय मराठवाडा या हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तसे घडायला हवे. मार्चअखेर एखाद्या केंद्राची सरासरी ३७ असेल तर लाट ४१.५ ला लागते, सरासरी ३७.४ झाली की ४१.९ ला. मे महिन्यात सरासरीच ४१ च्या आसपास असते, तिथे ४.५ ची अट कामाचीच राहत नाही. ४३-४४ अंशांचा अख्खा आठवडा लाटेविना जातो. मजूर, जनावरे आणि मोसंबीच्या आंबिया बहाराची फळगळ यांची मात्र त्यातून सुटका नसते. थंडीत नेमके उलटे होते. किमान १० किंवा कमी आणि सरासरीपेक्षा ४.५ ने कमी, ही शीतलहरीची अट सरासरी वर गेली की जरा सोपी होते. त्यात २०१६ मध्ये उष्णलाटेचे निकषही बदलले. आधी सरासरी ४० पर्यंत असेल तर ५ ते ६ अंश आणि ४० च्या वर असेल तर ४ ते ५ अंश फरक धरत. त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या लाटांचे दिवस मोजून तसेच शेजारी मांडू नयेत.

केंद्रांचा प्रश्न इथे अधिक टोकदार आहे. परभणीत हवामान खात्याची आणि कृषी विद्यापीठाची नोंद वेगवेगळी असते आणि हिवाळ्यात एकाच पहाटेचे दोन आकडे वृत्तपत्रांत येतात. दोन्ही बरोबर असू शकतात. मोकळ्या शेतात रात्री उष्णता लवकर निघून जाते, थंड हवा जमिनीलगत साचते. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा एका केंद्राच्या तापमानातून दुसऱ्याची सरासरी वजा केली जाते.

गेल्या दशकाच्या उत्तरार्धात महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे आली आणि फळपीक विम्याचे दावे त्यांच्या आकड्यांवर ठरू लागले. त्यांतला संवेदक (सेन्सर) पेटीतल्या तापमापकापेक्षा झटकन प्रतिसाद देतो, त्यामुळे क्षणाची झळही कमाल म्हणून नोंदली जाऊ शकते. त्यावर उपाय म्हणून मिनिटभराची सरासरी घेतात. दोष मोठाही निघतो: मे २०२४ मध्ये दिल्लीतील एका केंद्राने ५२.९ अंश दाखवले, तपासणीत संवेदक ३ अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले. मंडळ केंद्रांची तीस वर्षे २०४७ च्या आसपास भरतील. तोवर त्यांना स्वतःची सरासरी नाही. त्यांच्या नोंदी किती तास किती अंशांवर गेले यासाठी वापराव्यात; ‘सरासरीपेक्षा जास्त-कमी’ यासाठी जिल्ह्याच्या जुन्या वेधशाळेचाच आधार घ्यावा लागेल, आणि तोही कोणत्या तीस वर्षांचा ते लिहून.