भिंतीवरून उतरलेली टाकी : कमजोर फ्लशची पार्श्वभूमी

लातूर, नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरच्या नव्या वसाहतींमध्ये एक तक्रार घरोघर ऐकू येते. बटण दाबले की टाकीतले पाणी भांड्यात येते, गोल फिरते, पण मैला जागचा हलत नाही आणि शेवटी बादली ओतावी लागते. प्लंबर येऊन टाकीतले साहित्य बदलून जातो, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दोष कधी टाकीत असतो, कधी भांड्यात, तर कधी जमिनीखालच्या पाइपात. परंतु फ्लश मुळात इतक्या सहज कमजोर का पडतो, हे समजण्यासाठी या वस्तूची घडण कशी बदलत गेली ते पाहावे लागते. जुन्या संडासात गरजेपेक्षा बरीच जास्त ताकद होती. ती एकदा उंची घटवून आणि एकदा पाणी घटवून काढून घेण्यात आली, आणि जे उरले त्यावर आपल्याकडे बोअरच्या क्षारांनी हात मारला.

पाणी सोडून धुतले जाणारे शौचपात्र इंग्लंडमध्ये जॉन हॅरिंग्टन या दरबारी गृहस्थाने १५९६ मध्ये मांडले. पण ते कौतुकापुरतेच राहिले, कारण घाणीचा वास परत घरात येणे त्याने थांबत नव्हते. खरा बदल घडला तो १७७५ मध्ये, अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने भांड्याखालच्या नळीला वाक देऊन त्यात पाणी अडवून ठेवण्याच्या रचनेचे पेटंट घेतले तेव्हा. आज प्लंबर ज्याला ट्रॅप म्हणतात तो हाच. अडलेले पाणी वासाला आणि वायूला अटकाव करते, पण त्याची किंमतही मोजावी लागते : प्रत्येक वेळी हे पाणी मैल्यासकट वाकावरून ढकलून पलीकडे न्यायचे आणि मागे तेवढेच स्वच्छ पाणी उरवायचे. फ्लशला जोर लागतो तो याचसाठी. सरळ खड्ड्यात पडणाऱ्या संडासाला जोराची गरजच नसते.

जोर कुठून आणायचा, याचे एकोणिसाव्या शतकातले उत्तर म्हणजे डोक्यावरची टाकी. बिडाची जड टाकी भिंतीवर सुमारे सहा-सात फुटांवर बसवायची, तिच्यातून नळी खाली आणायची आणि बाजूला साखळी सोडायची. नळाचे पाणी वाया जाऊ नये म्हणून ब्रिटनमध्ये टाकीच्या तळाला झडप ठेवण्याऐवजी सायफन, म्हणजे पाणी आधी वर ओढून मग खाली सोडणारी वाकडी नळी, वापरण्याचा नियम झाला, कारण झडपेचा वॉशर झिजला की पाणी दिवसरात्र झिरपत राहते, तर सायफन एकदा ओढल्याशिवाय थेंबही सोडत नाही. थॉमस क्रॅपर या लंडनच्या व्यावसायिकाला फ्लशचा जनक म्हणण्याची प्रथा आहे, ती चुकीची आहे. त्याने अशा टाक्या सुधारल्या आणि विकल्या. इंग्रजी अमलात हीच टाकी रेल्वे क्वार्टर, डाकबंगले आणि दवाखाने यांच्या वाटेने भारतात आली. तिच्यात १० ते १२.५ लिटर पाणी मावत असे आणि साखळी ओढल्यावर होणारा आवाज शेजारच्या खोलीत झोपलेल्यालाही ऐकू जाई.

उंचावरच्या पाण्याचा जोर मराठवाड्याला मात्र त्याआधीच ठाऊक होता. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी गावात, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी ही पाणीपुरवठ्याची नहर आणली. अठराव्या शतकातल्या पाणचक्कीकडे डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवर चढवले गेले आणि तिथून ते हौदात पडू दिले. उंचीवर नेलेले पाणी खाली येताना काम करते, हे तिथे उभे राहून डोळ्यांनी पाहता येते, आणि फ्लशच्या टाकीमागेही याहून वेगळे काही नाही.

पुढे टाकी भिंतीवरून उतरली आणि भांड्याच्या पाठीला चिकटली. आवाज कमी झाला, न्हाणीघर नीटनेटके दिसू लागले आणि दुरुस्तीसाठी शिडीची गरज उरली नाही. हिशेब मात्र बदलला. दोन मीटरवरून सुटलेल्या १० लिटर पाण्यात साधारण १९६ ज्यूल ऊर्जा असते, तर ४० सेंटिमीटरवरून सुटलेल्या ६ लिटर पाण्यात २४ ज्यूलच्या आसपास. म्हणजे जुन्याच्या जेमतेम आठवा हिस्सा. उंच टाकीच्या लांब नळीत घर्षणाने बरीच ऊर्जा खर्च होत असे हे खरे, तरीही तफावत मोठीच राहते. ही तूट भरून काढण्याचे काम भांड्याच्या आकाराकडे आले : कडेखालच्या छिद्रांतून पाणी नेमक्या कोनात सुटावे, ट्रॅपची वाट गुळगुळीत असावी आणि सगळे पाणी दोन-तीन सेकंदांत एकदम पडावे. टाकी उंच असताना भांडे थोडे वेडेवाकडे असले तरी चालून जाई. आता मात्र यांतली एक गोष्ट बिघडली तरी फ्लश कमजोर पडतो.

यातले फारसे काही त्या काळी मराठवाड्याच्या वाट्याला आले नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. जुन्या गावठाणांतल्या वाड्यांमध्ये टोपलीचे संडास होते आणि त्यांतला मैला माणसांना उचलून न्यावा लागे. या कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली, तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. तो मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. कोरडे संडास बांधण्याला कायद्याने बंदी आली ती १९९३ मध्ये. मैला माणसाला उचलावा लागू नये म्हणून कोकणात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि १९७० नंतर बिहारमधून बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभ संस्थेने जो मार्ग पुढे नेला, त्यात टाकीला जागाच नव्हती. सुलभच्या भांड्याचा उतार २५ ते २८ अंशांचा आणि ट्रॅपमधले अडलेले पाणी फक्त २० मिलिमीटर. त्यामुळे टमरेलाने दीड-दोन लिटर पाणी ओतले तरी काम होते. कमोडच्या ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी अडलेले असते, हा फरक लक्षात घेतला म्हणजे एकाला टमरेल का पुरते आणि दुसऱ्याला सहा लिटरही का अपुरे पडतात, ते उमगते. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानानंतर आणि २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानाच्या १२,००० रुपयांच्या अनुदानातून खेडोपाडी जे संडास उभे राहिले, ते बहुतेक ओतून वापरायचेच आहेत. कमजोर फ्लश ही त्यामुळे मुख्यतः शहरातल्या टाकीवाल्या घरांची अडचण आहे.

उंची घटल्यावरचा दुसरा टप्पा पाणी घटवण्याचा, आणि तो अमेरिकेतून सुरू झाला. तिथे १९९२ च्या ऊर्जा कायद्याने नव्या संडासाला एका वेळी सुमारे ६ लिटर, म्हणजे १.६ गॅलन, एवढीच मर्यादा घातली. आधीची टाकी १३ लिटरच्या घरात होती. उत्पादकांनी भांडे तसेच ठेवून फक्त पाणी कमी केले, आणि लोक दोनदा फ्लश ओढू लागले. त्यातून २००३ मध्ये भांड्यांची एक चाचणी सुरू झाली, जिच्यात सोयाबीनच्या लगद्याचे वजन केलेले गोळे टाकून एका फ्लशमध्ये किती जातात ते मोजतात. (सोयाबीनच्या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकाला त्या पिकाचा हा उपयोग कदाचित नवा वाटेल.) मग टाकीच्या तळाचे तोंड दोन इंचांवरून तीन इंचांपर्यंत रुंद झाले आणि ट्रॅपच्या आतही चकाकी चढू लागली. ऑस्ट्रेलियात १९८० च्या सुमारास आलेले दोन बटणांचे साधन आपल्याकडे ३ आणि ६ लिटरच्या रूपात स्थिरावले आहे.

मराठवाड्यात पाणी कमी वापरण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागली नाही. जायकवाडी उशाला असूनही संभाजीनगरच्या नळाला काही दिवसांआड पाणी येते, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात आमच्याही घरी पाणी भरून झाकण घट्ट लावलेली एक लिटरची बाटली टाकीत ठेवली गेली, म्हणजे दर फ्लशला तेवढे पाणी वाचावे. मांजरा धरण पुढे भरले, बाटली मात्र विसरली गेली. काही वर्षांनी फ्लश कमजोर झाला म्हणून दोनदा वॉशर बदलले, एकदा फ्लोट बदलला, आणि तिसऱ्या खेपेला आलेल्या तरुण प्लंबरने झाकण उचलताच म्हटले, "काका, टाकीत बाटली हाय की."

बाटली काढूनही फ्लश पुरता सुधारला नाही. दाढीचा आरसा भांड्याच्या कडेखाली तिरपा धरल्यावर कारण दिसले : बोटाच्या टोकाएवढी छिद्रे पांढऱ्या-पिवळ्या थराने मोहरीएवढी उरली होती आणि दोन तर पार बुजली होती. काळ्या खडकातल्या खोल बोअरचे पाणी जड असते. त्यातले कॅल्शियमचे क्षार जिथे पाणी थेंब-थेंब वाळते तिथे साचतात, आणि कडेखालची छिद्रे ही नेमकी तशी जागा आहे. जो थर गीझरच्या कॉइलवर दिसतो, तोच इथे नजरेआड वाढत असतो. लिंबूसताच्या दाट पाण्यात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या रात्रभर कडेखाली दाबून ठेवल्या आणि सकाळी छिद्रे तारेने मोकळी केली, तेव्हा पाणी पुन्हा सरळ सुटू लागले. संडास धुण्याचे जहाल ॲसिड मात्र टाकीत कधीही ओतू नये, त्याने रबर आणि धातूचे भाग जातात. आणि ब्लीचिंग पावडरशी तर त्याची गाठ पडूच देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

दोष टाकीकडचा की पुढचा, हे ओळखायला बादली पुरते. ८-१० लिटर पाणी एकदम भांड्यात ओतावे. ते मैल्यासकट झटकन गेले तर पुढची वाट मोकळी आहे, आणि टाकीतली पातळी, तळाची झडप व कडेची छिद्रे तपासावीत. पाणी भांड्यात चढून हळूहळू उतरले तर अडथळा ट्रॅपमध्ये, चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये आहे, आणि अशा वेळी टाकीवर खर्च करणे व्यर्थ आहे. पावसाळ्यातच हा त्रास होत असेल तर आधी शोषखड्ड्याकडे पाहावे : आपली काळी माती भिजली की फुगते आणि पाणी शोषेनाशी होते, खड्डा भरतो आणि त्याचा दाब मागे भांड्यापर्यंत पोहोचतो. चार इंची पाइपाला ४० फुटांत साधारण १ फूट उतार लागतो. गवंड्याने तो बांधतानाच कमी ठेवला असेल, तर फरशी उकलून पाइप नव्याने बसवण्याखेरीज त्याला दुसरा इलाज नाही.