जागलीवरून थेट ग्राउंडवर

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या गावात शाळेच्या मागं जे मैदान आहे तिथं पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे पाचला पळतात, मी पण जातो घड्याळ धरायला. त्या दिवशी माझा पुतण्या १६०० मीटर मारून आला आणि घड्याळात पाहतो तर ५ मिनिटं ४१ सेकंद. दोन महिन्यांआधी हाच पोरगा ५ मिनिटं २२ ला येत होता. मधल्या काळात त्यानं मेहनत वाढवलीच होती, रोज एक राऊंड जास्त, सकाळी भिजवलेला हरभरा, चार अंडी, सगळं सुरू. तरी वेळ मागंच जात होती. तो वाकून गुडघ्यावर हात ठेवून उभा होता तेव्हा माझं लक्ष त्याच्या पायाकडं गेलं, घोट्यापर्यंत काळी ओली माती.

"रात्री लाईन होती का?" मी विचारलं. लाईन म्हणजे शेतातल्या मोटरीची वीज.

"हो ना काका, या हप्त्यात रातचीच आहे. बारा वाजता मोटर चालू केली, हरभऱ्याले पाणी देल्लं, मंग तिकडंच जागल केली, डुकरं येऊन रायले लय." जागल म्हणजे रात्री वावरात थांबून पिकाची राखण.

"झोपला किती?"

"झोपलो ना दोन-अडीच घंटे. तेवढी झोप पुरते मले."

हे "पुरते मले" ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण ते तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात झोपेवर एक प्रयोग झाला, २००३ मध्ये तो छापून आला. काही लोकांना १४ दिवस रोज ८ तास झोपू दिलं, काहींना ६, काहींना ४. रोज त्यांची लक्ष देण्याची परीक्षा घेतली, म्हणजे दिवा लागला की बटण दाबायचं, असलं साधंच काम. दोन आठवडे झाले तेव्हा ६ तासवाल्यांची गत एक अख्खी रात्र जागलेल्या माणसासारखी झाली होती आणि ४ तासवाले दोन रात्री जागल्यासारखे चुकत होते. पण त्यांना विचारलं झोप येते का, तर पहिल्या काही दिवसांनंतर ते म्हणायचे थोडीफार येते, चालते. म्हणजे नुकसान रोज वाढत गेलं आणि नुकसान झाल्याची जाणीव मात्र तिथंच थांबली. म्हणून "मला सवय झाली" म्हणणाऱ्या पोराच्या बोलण्यावर नाही, घड्याळावर विश्वास ठेवायचा.

आता शरीरात काय होतं ते पाहू. पळताना शरीर बनत नाही, उलट मोडतं. स्नायूंच्या धाग्यांना बारीक बारीक इजा होते, स्नायूत साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजेन संपत जातं. ताकद येते ती नंतरच्या दुरुस्तीतून, आणि या दुरुस्तीला लागणारा निवांतपणा रात्री मिळतो. झोप एकसारखी नसते, साधारण दीड-दीड तासाचे फेरे असतात, पहिल्या अर्ध्या रात्रीत गाढ झोप जास्त आणि पहाटेकडं स्वप्नांची झोप जास्त. गाढ झोप लागली की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी ग्रोथ हार्मोन सोडते, दिवसभरातला सगळ्यात मोठा लोंढा बहुतेक तेव्हाच येतो. झोप कमी पडली तर शरीर पहिले गाढ झोप वसूल करायला पाहतं, हे खरं आहे, पण त्यासाठी सलग झोप तर पाहिजे. मचाणावर दर अर्ध्या-पाऊण तासाला उठून डबा वाजवायचा, बॅटरी मारायची, हाकारे द्यायचे, परत आडवं व्हायचं, यात फेरा पुरा होतच नाही.

आणि अंडी-हरभऱ्याचं काय? ऑस्ट्रेलियात १३ तरुण मुलामुलींवर एक प्रयोग झाला, २०२१ मध्ये छापून आला. त्यांना एक पूर्ण रात्र जागवलं आणि दुसऱ्या दिवशी जेवण देऊन स्नायूत नवीन प्रोटीन किती बनतं ते मोजलं. झोपलेल्या रात्रीच्या तुलनेत ते १८ टक्के कमी भरलं, शरीर मोडणारं कॉर्टिसॉल २१ टक्के वाढलं आणि स्नायू बांधायला मदत करणारं टेस्टोस्टेरॉन २४ टक्के खाली आलं. जेवण तेच, माणूस तोच. शेतकऱ्याच्या पोराला हे समजवायला मला एकच वाक्य लागलं, की बाबू खत टाकून राहिला पण वावरात ओलच नाही.

एक गोष्ट मात्र घोळ करते. जागलेला माणूस गोळा जवळपास तेवढाच फेकतो. एकदाच जोर लावायचं काम असलं तर एका रात्रीच्या जागरणानं फार फरक पडतोच असं नाही, अभ्यासातही हेच दिसलंय. त्यामुळं पोरं म्हणतात, पहा सर, काही नाही झालं. फरक पडतो तो लांब पल्ल्यात, तीच स्पीड जड वाटायला लागते. छाती-पाय खरोखर संपायच्या आधीच मेंदू म्हणतो बस, आणि १६०० मध्ये तिसऱ्या राऊंडला नेमकं तेच होतं. पोलीस भरतीच्या ५० मार्कांपैकी २० या एका पळण्याला आहेत, म्हणून हे लिहायचा एवढा आटापिटा.

उलट्या बाजूचाही एक प्रयोग आहे, झोप वाढवायचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ११ बास्केटबॉल खेळाडूंना ५ ते ७ आठवडे रोज रात्री १० तास अंथरुणात राहायला सांगितलं. त्यांची ठरलेल्या अंतराची स्प्रिंट १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली, फ्री थ्रो ९ टक्के जास्त पडायला लागले. २०११ चा अभ्यास आहे. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून आकडा डोळे झाकून घेऊ नका, पण दिशा स्पष्ट आहे. आणि दुखापतीचं तर अजून स्पष्ट, लॉस एंजेलिसमधल्या ११२ शाळकरी खेळाडूंच्या अभ्यासात ८ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत व्हायची शक्यता १.७ पट निघाली. आपल्याकडं दिवाळीनंतर गावोगावी रात्रीच्या कबड्डीच्या मॅची असतात, फायनल पहाटे तीनला लागते, आणि त्यातलीच पोरं सकाळी परत ग्राउंडवर. गुडघा घोटा कधी जातो ते पहा, बहुतेक वेळा असल्याच आठवड्यात.

मग करायचं काय? जागल बंद करा असं मी कोणत्या तोंडानं सांगू, एका रात्रीत डुकरं अर्धा एकर हरभरा लोळवतात, आणि लाईन रात्रीची आली तर पाणी रात्रीच द्यावं लागणार. पोराला आळशी म्हणून काही होत नाही, त्याची झोप घराची गरज खाते आहे. म्हणून जिथं हातात आहे तिथं वाचवायची. जागलीच्या दुसऱ्या दिवशी जोरकस राऊंड मारायचे नाहीत, हलकं जॉगिंग नाहीतर सरळ सुट्टी. दुपारी जेवल्यावर अर्धा तास पडायचं, मोबाईल दुसऱ्या खोलीत. लिव्हरपूलमध्ये १० माणसांना रात्री ४ तासच झोपू दिलं आणि दुपारी एक ते दीड झोपवलं, तर न झोपलेल्या दिवसापेक्षा २० मीटरची स्प्रिंट सुधारली, ३.९७ सेकंदांची ३.८८ झाली. रात्रीच्या झोपेची जागा ही घेत नाही, पण मिळतं ते सोडायचं कशाला.

चहाचं पण सांगतो. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी अर्धं शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम घेतलं तरी झोप एक तासाहून जास्त कमी झाल्याचं २०१३ च्या अभ्यासात दिसलं. चहातून एवढं जायला आठ-दहा कप लागतील, पण आता पोरं जिममधली प्री-वर्कआउट म्हणजे व्यायामाआधी घ्यायची कॅफिनवाली पावडर आणतात, दोन स्कूपात तेवढं जाऊ शकतं, आणि संध्याकाळी सहाला घेतात!

उन्हाळ्याचा त्रास वेगळाच. झोप लागायला शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आतली उष्णता हातापायांच्या कातडीतून बाहेर जाते. मे महिन्यात दिवसा ४५ डिग्री, रात्री बारापर्यंत स्लॅब भट्टीसारखा, मग ही उष्णता जाणार कुठं? गच्चीवर बाज टाकून मच्छरदाणीत झोपायची आपल्या आजोबांची पद्धत यासाठी कूलरवाल्या बंद खोलीपेक्षा बरी. झोपायच्या आधी हातपाय धुतले तर अजून बरं.

भरतीच्या आदल्या रात्रीचं दुःख मी स्वतः पाहिलंय, पोरं रात्रीच्या एसटीनं जातात, ग्राउंडच्या गेटबाहेर फुटपाथवर बॅग उशाला घेऊन पडतात आणि पहाटे नंबर लागतो. जमलं तर एक दिवस आधी जाऊन कोणा नातेवाईकाकडं थांबावं. नाहीच जमलं तर घाबरू नका, आधीचा आठवडाभर झोप भरपूर झाली असेल तर त्या एका रात्रीचा फटका बराच कमी बसतो. पण तो आठवडा खरंच झोपायचा.

पुतण्याच्या घरी आम्ही बसलो, भावाशी बोललो. शेजारच्या दोन वावरवाल्यांशी मिळून जागलीच्या पाळ्या लावल्या, तीन रात्रींतून एकदा. बांधाला झटका मशीन लावली, म्हणजे तारेला हलका करंट देऊन जनावर हाकलणारी, तिचे पैसे तिघांत वाटले. महिनाभरानं पोरगा ५ मिनिटं १९ ला आला. सगळं श्रेय झोपेला देता येणार नाही, मधे त्यानं राऊंडही कमी केले होते. आता त्याचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी परीक्षा, पंधरा दिवसांवर आलंय, तोपर्यंत त्याच्या पाळीला मी जातो. बॅटरी चार्जिंगला लावली आहे.