जुनाट श्वसनविकार आणि सैनिकी अपंगत्व निवृत्तिवेतन

लष्कर, नौदल व हवाई दलातील सेवेत जडलेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या आजारासाठी भारत सरकार जे निवृत्तिवेतन देते, त्याला अपंगत्व निवृत्तिवेतन म्हणतात. बोलताना सगळे ‘डिसेबिलिटी पेन्शन’च म्हणतात. दमा, सीओपीडी (श्वासनलिकांचा कायमचा अडथळा), ब्रॉन्किएक्टॅसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावणे), फुफ्फुसांचा तंतुमयपणा आणि क्षय बरा झाल्यावर मागे राहिलेली फुफ्फुसाची हानी या विकारांवरून होणारे दावे त्यातले किचकट दावे मानावे लागतात. गोळीची जखम दिसते आणि तिची तारीखही सांगता येते. धाप मात्र वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जाते. ती नेमकी कोणत्या ठाण्यावर सुरू झाली हे ती भोगणाऱ्यालाही अनेकदा सांगता येत नाही.

आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवायचे असेल तर इन्व्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड, म्हणजे लष्करी डॉक्टरांचे मंडळ, बसते. ‘बोर्ड आउट झाला’ हा शब्दप्रयोग त्यावरूनच आला. लो मेडिकल कॅटेगरीत (पूर्ण तंदुरुस्तीच्या खालच्या वैद्यकीय श्रेणीत) राहून सेवा पूर्ण केलेल्याचे रिलीज मेडिकल बोर्ड होते. दोन्ही ठिकाणी मुख्य प्रश्न दोनच असतात : आजार सेवेमुळे उद्भवला वा बळावला का, आणि अपंगत्व किती टक्के? सेवेशी संबंध मान्य झाला आणि टक्केवारी किमान २० भरली, तर हक्क निर्माण होतो. बोर्ड आउट झालेल्याला ‘सर्व्हिस एलिमेंट’ (केलेल्या सेवेबद्दलचा) आणि ‘डिसेबिलिटी एलिमेंट’ (अपंगत्वाबद्दलचा) असे दोन्ही भाग मिळतात. त्यासाठी किमान सेवेची अट नाही.

टक्केवारीवर फारसे भांडण होत नाही. स्पायरोमेट्रीच्या नळीत फुंकर मारली की पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते यंत्र मोजते, आणि औषध दिल्यानंतरचा फरकही कळतो. खरा वाद पहिल्या प्रश्नावर होतो. बोर्डाच्या कागदावर ‘सेवेमुळे उद्भवला नाही आणि बळावलाही नाही’ असा शेरा पडला की दावा तिथेच अडतो. या इंग्रजी शेऱ्याच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘नाना’ म्हणतात. दम्याच्या बाबतीत दोन कारणे पुन्हा पुन्हा दिसतात. एक, आजार प्रकृतिगत, म्हणजे शरीराच्या मूळ ठेवणीतलाच, आहे. दुसरे, तो शांत ठाण्यावर (‘पीस स्टेशन’, म्हणजे मोहिमेच्या ‘फील्ड’ क्षेत्राबाहेर) असताना सुरू झाला.

दुसऱ्या कारणाला लष्करी डॉक्टरांच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेचाच आधार नाही. आजाराचे कारण फील्डमध्ये घडले की शांत ठाण्यावर, याने फरक पडत नाही. सेवेच्या परिस्थितीशी कार्यकारणसंबंध हवा, असे ती स्पष्ट सांगते. शिवाय १९८२ च्या हक्कविषयक नियमांना जोडलेल्या यादीत हवामानाचा परिणाम होणाऱ्या रोगांमध्ये ब्राँकायटिस, प्लुरसी (फुफ्फुसाच्या आवरणाची सूज), ब्रॉन्किएक्टॅसिस आणि फुफ्फुसाचा क्षय यांची नावे होती. सियाचीनसारख्या ठिकाणी सैनिक विरळ, कोरड्या, गोठवणाऱ्या हवेत राहतो आणि ऊब मिळावी म्हणून बंद निवाऱ्यात रॉकेलची शेगडी पेटवतो. तिथल्या काजळीने थुंकी काळी होते. थरच्या वाळवंटात धूळ छातीत जाते. अशा नेमणुका आणि आजार यांचा संबंधच नाही असे एका ओळीत लिहून मोकळे होणे हा अन्याय आहे, आणि न्यायालयांनीही तसा शेरा पुरेसा मानलेला नाही.

या बाबतीत पायाभूत निकाल म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा ‘धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार’ (२ जुलै २०१३). तो फेफऱ्याच्या रुग्णाचा होता, पण त्यातले तत्त्व दम्यालाही तितकेच लागू पडते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर सैनिक तेव्हा निरोगी होता असे धरले जाते. नंतर तब्येत बिघडली, तर ती सेवेमुळे नव्हे हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. बोर्डाला कारणे लिहावी लागतात, आणि शंकेचा फायदा सैनिकाला मिळतो. भरतीत धावून, छाती फुगवून, तपासून घेतलेल्या मुलाला पंधरा वर्षांनी ‘तुझा दमा मूळचाच’ म्हणायचे असेल, तर म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा, हे साध्या न्यायबुद्धीलाही पटते.

तंबाखूची बाजूही सांगायला हवी. दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थांच्या अतिरेकातून आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, असे नियम म्हणतात. त्यामुळे सीओपीडीच्या दाव्यात विडी-सिगारेटची नोंद सैनिकाविरुद्ध जाऊ शकते. पण अतिरेक आणि सवय यांत अंतर आहे, आणि धूम्रपान करणाऱ्याच्या छातीतही धूळ व काजळी जातेच.

रकमेचा हिशेब असा : १०० टक्के अपंगत्वाला डिसेबिलिटी एलिमेंट शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, कमी असेल तर त्या प्रमाणात. १९९६ पासून टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याची तरतूद आहे : ५० च्या आत असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यापुढे १००. म्हणजे ३० टक्के दम्याला वेतनाच्या ९ ऐवजी १५ टक्के मिळतात. हा लाभ आधी फक्त बोर्ड आउट झालेल्यांना होता. सेवा पूर्ण केलेल्यांनाही तो लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ रोजी सांगितले. २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांसाठी नवे नियम आले असून, सेवा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला मिळणाऱ्या रकमेला आता ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ म्हणतात.

दावा फेटाळला तर आधी पहिले अपील, मग दुसरे, आणि त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातची प्रकरणे मुंबई खंडपीठाकडे जातात. अर्ज कसा लिहायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. तिन्ही दलांतील छातीचे रुग्ण तज्ज्ञ उपचारांसाठी पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिओ थोरॅसिक सायन्सेसमध्ये येतात. तिथले डिस्चार्ज कागद दाव्यात मोलाचे ठरतात. त्यांच्याबरोबर भरतीची वैद्यकीय नोंद, नेमणुकांचा तक्ता आणि आजार पहिल्यांदा कुठल्या ठाण्यावर लिहिला गेला तो कागद हवा. हे सारे सेवेत असतानाच गोळा करावे, कारण २००८ च्या हक्कविषयक नियमांनुसार निवृत्तीनंतर १५ वर्षांनी केलेल्या दाव्यात सिद्ध करण्याचे ओझे सैनिकावरच येते.